देवाच्या वायरीवरचं मीटर

आमच्या गाडीतला महादेव ब्रेक दाबला की उजळायचा. डॅशबोर्डवर काचेच्या डबीत छोटी पिंड, तिच्यामागे वाटाण्याएवढा लाल बल्ब, आणि त्या बल्बची वायर थेट ब्रेकच्या दिव्याला जोडलेली. ही कल्पना आमच्या जुन्या मिस्त्रींची. त्यांचं म्हणणं असं की माणसाला देव ब्रेक मारतानाच आठवतो, तर देवानंही तेवढ्यापुरतंच हजर व्हावं, उगाच दिवसभर बॅटरी खाऊ नये. लहानपणी मला ही व्यवस्था फार पसंत होती. रस्त्यात म्हैस आडवी आली की देव प्रकट, म्हैस गेली की देव गुडूप. शाळेत बाई सांगायच्या की देव चराचरात असतो, तेव्हा मला आमचा देव जास्त शहाणा वाटायचा. पुढे मी शिकायला बाहेर गेले, माजलगावात कॉलेजवर फिजिक्स शिकवायला लागले, तिथंच खोली करून राहिले. देवाची वायरिंग डोक्यातून पार निघून गेली.

गाडी मात्र तीच राहिली. एके काळची पांढरी, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरची. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, दिंद्रुडला पाइप, मोटारी आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, आणि गाडी त्या दुकानासमोर अशी उभी असते की गिऱ्हाइकाला आधी गाडीला वळसा घालावा लागतो. अप्पांचा त्यामागे हेतू आहे. वळसा घालताना माणूस गाडीबद्दल काहीतरी विचारतो, आणि अप्पांना तेवढंच पाहिजे असतं.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटाला ही गाडी धारूरच्या घाटात खोकून खोकून बंद पडली. आत अप्पा आणि आई. तेलगावहून वर चढताना मधल्याच वळणावर तिनं मान टाकली, मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं अप्पांच्या सात पिढ्यांचा उल्लेख केला, आणि शेवटी एका ऊसतोड मुकादमाच्या जीपला दोरी बांधून ती वर ओढली गेली. ओढून नेलेल्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसायचं हे अप्पांना किती लागलं असेल, मी समजू शकते. पण त्याहून वाईट पुढे झालं. आईनं फोनवर दादाला सांगितलं.

माझा दादा पुण्यात असतो. त्याच्याकडे एवढी मोठी गाडी आहे की तिला उलटं घ्यायला कॅमेरा लागतो. त्यानं फोनवरच निकाल दिला. तुळशीच्या लग्नानंतर केजला आमच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. त्या लग्नाला गाडी घाटात पुन्हा अडली, तर ती भंगारात जाणार, अप्पांनी गाडी चालवणं बंद करायचं, आणि कुठं जायचं असेल तर दादा ड्रायव्हर लावून देणार. अप्पांनी फोन कानाला धरून सगळं ऐकलं आणि म्हणाले, “बरं.” अप्पा ‘बरं’ म्हणाले की समजायचं, युद्ध सुरू झालं.

रविवारी मी घरी गेले तर ते ओसरीवर बसून होते, चहा गार झालेला. मला म्हणाले, “मागच्या शिटावर बसून मी काय करू गं? खिडकीतून हात हालवू व्हय, पुढाऱ्यावानी?”

मला दादाचा मनस्वी राग आला. दरवर्षी चार दिवस येणाऱ्या माणसानं असे निकाल देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. त्याच रागात मी मीटर मागवलं.

हे मीटर म्हणजे एक गोल तबकडी, काठानं बारीक दिवे. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण बरोबर आहे का, ते ती सांगते. धूर बाहेर पडतो त्या पाइपाला भोक पाडून त्यात एक सेन्सर बसवायचा. तो धुराचा वास घेणार आणि वायरीनं वर तबकडीला चुगली करणार. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली तर लाल दिवे. प्रमाणात असेल तर हिरवे. पेट्रोल जास्त झालं तर पिवळे. मी अप्पांना हे सगळं कागदावर काढून समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दिव्यांचं बारसं केलं. लाल म्हणजे उपाशी, हिरवा म्हणजे पोटभर, पिवळा म्हणजे अजीर्ण. मी कॉलेजात इतकी वर्षं शिकवते, इतकं सुटसुटीत मला कधी जमलं नाही.

मीटर बसवायला आलेला मिस्त्री म्हणजे जुन्या मिस्त्रींचा मुलगा. जुने मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाचा हात चांगला आहे, फक्त समोरचं बोलणं संपायच्या आत ‘कळलं ताई’ म्हणायची त्याला सवय आहे. मी त्याला बजावलं होतं की मीटरला करंट चावीच्या लायनीवरून घ्यायचा, म्हणजे चावी फिरवली की मीटर चालू, काढली की बंद. तो म्हणाला, “कळलं ताई.”

पाइपाला नट वेल्ड करून सेन्सर आवळेपर्यंत मी गाडीखाली डोकं घालून होते. पाठीला खडे रुतत होते आणि शेजारचे दोन म्हातारे, मास्तरीणबाई गाडीखाली कशा काय, यावर चर्चा करत उभे होते. तिकडे मिस्त्री डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा होऊन वायरी चाचपत होता. तिथं सगळ्या वायरींना एकाच काळ्या टेपनं गुंडाळलेलं, कोणती कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. अप्पा स्टेअरिंगवर बसलेले. गाडीला कुणी हात लावला की ते स्टेअरिंगवर बसतातच, डॉक्टर पोराला तपासतो तेव्हा बाप पोराचा हात धरतो तसं.

“अप्पा, चावी टाका.”

अप्पांनी चावी टाकली. मिस्त्रीनं टेस्टर लावला, टेस्टरचा दिवा लागला.

“आता काढा.”

काढली. टेस्टर विझला.

“हीच लाईन. घेतली ताई.”

मी गाडीखालूनच बरं म्हणाले. तबकडी देवाच्या डबीशेजारी चिकटवली. इंजिन चालू केलं, थोडं तापू दिलं, आणि दिवे लागले. लाल. गाडी उपाशी होती. अप्पांचा चेहरा असा खुलला की जणू कुणी त्यांच्या बाजूनं कोर्टात साक्ष दिली. घाटात मेली ती उपाशीपोटी मेली, चालवणाऱ्याचा काय दोष?

मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडला तर खालचं गॅस्केट फाटलेलं, तिथून चोरून हवा आत जात होती. ते बदललं, स्क्रू थोडा फिरवला, आणि दिवे हिरव्यावर येऊन थांबले. तिथून पुढं अप्पा कामातून गेले. दुकानात मोटार घ्यायला आलेल्या माणसाला आधी गाडीत बसवायचं, तेलगावच्या रस्त्याला एक चक्कर मारायची, आणि तबकडीकडे बोट करून विचारायचं, “काय दिसतंय?” माणूस म्हणायचा, हिरवं. अप्पा म्हणायचे, “पोटभर हाय.” एकानं विचारलं म्हणे की हे आमच्या बायकोला बसवता येईल का, रोज काय कमी पडलं ते कळत नाही. अप्पांनी ते मला फोन करून सांगितलं.

मला जिंकल्यासारखं वाटत होतं. दादाला तबकडीचा फोटोही पाठवला होता, वर काही न लिहिता.

नंतर एका शनिवारी कॉलेजचं सामान न्यायचं होतं म्हणून मी गाडी घेऊन एकटीच माजलगावला निघाले, आणि मीटर बंद. दिवे नाहीत, काही नाही, नुसती काळी तबकडी. रस्ता मोकळा होता, मी जोरात होते, आणि मधूनच ती डोळा मारल्यासारखी लागायची आणि विझायची. मी तबकडीवर दोन बोटं आपटली, मिस्त्रीला मनातल्या मनात नको ते बोलले. सामान टाकून परत आले ती थेट त्याच्या गॅरेजवर. “वायर ढिली ठेवलीस,” म्हटलं. त्यानं अप्पांना बोलावलं. अप्पा स्टेअरिंगवर बसले, चावी फिरवली, दिवे लख्ख.

“ढिलं न्हाई ताई. बघा की.”

अप्पा खूश. “गाडीला मालक कळतो,” म्हणाले.

मी म्हटलं, असं कसं होईल, बसा बाजूला, मी चालवते. अप्पा बाजूच्या सीटवर बसले, मी गाडी काढली, आणि पुन्हा अंधार. दिंद्रुडच्या बाहेर रस्त्यावर शेळ्यांचा कळप होता. मी ब्रेक दाबला. मीटर लागलं. मीटरच्या शेजारी महादेवही लागला. शेळ्या गेल्या, मी पाय उचलला, दोघंही गेले. पुन्हा दाबला, दोघं हजर. उचलला, दोघं गुडूप.

मला इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली. आमच्या मिस्त्रीनं मीटरचा करंट देवाच्या वायरीवरून घेतला होता. बापानं ब्रेकवर बसवलेला देव, आणि पोरानं देवावर बसवलेलं मीटर. मी अप्पांना सांगायला वळले, आणि बोलता बोलता थांबले.

कारण अप्पा चालवतात तेव्हा मीटर कायम लागलेलं असतं. तेलगावपर्यंत जाता येता, गिऱ्हाइकांना घेऊन, मोकळ्या सरळ रस्त्यावर. गॅरेजात गाडी उभी असतानासुद्धा लागलं. टेस्टर लावला त्या दिवशीही चावी टाकली तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर गेला असणार, आणि काढली तेव्हा उठला असणार.

“काय झालं गं?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही. वायर आहे जरा,” मी म्हणाले. “तुम्ही चालवा.”

आम्ही जागा बदलल्या. दोन्ही बाजूंना ऊस, समोर रस्ता रिकामा, कुत्रंसुद्धा नव्हतं. महादेव लाल आणि मीटर हिरवं, दोघंही जळत होते. मी खाली पाहिलं. अप्पांचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर होता आणि डावा, क्लचवरून काढून, ब्रेकवर टेकवलेला. दाबलेला नाही, नुसता टेकवलेला. आमची गाडी किती दिवस एका पायानं पळत होती आणि दुसऱ्यानं धरलेली होती कुणास ठाऊक. ज्यांनी मला गाडी शिकवताना, ब्रेकवर पाय ठेवून चालवणाऱ्याला बैलगाडी द्यावी असं सांगितलं होतं, ते हे माझे वडील.

मला फार वाईट वाटलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसून एक जुडी ओढली आणि म्हटलं, “आई, गाडीतला देव सारखा लागलेला असतो.”

“तुला आज दिसलं व्हय?” आई म्हणाली. “मला गेल्या हिवाळ्यापासनं दिसतंय.”

गेल्या हिवाळ्यात, तिन्हीसांजेला, तेलगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यावर उभी होती. मागं ना दिवा, ना फांदी खोचलेली. अप्पांना ती अगदी जवळ गेल्यावर दिसली. गाडी शेतात घातली म्हणून दोघं वाचले. बांधावर बसून दोघांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, आणि पोरांना सांगायचं नाही असं ठरवून घरी आले.

“आणि घाटात गाडी बंद पडली ते मात्र दादाला लगेच सांगितलंस?”

“ते सांगितलं म्हंजे त्यो गाडी बंद करंल. हे सांगितलं असतं तर त्येंला म्हातारं म्हणला असता.” आईनं देठ बाजूला टाकले. “गाडीचं नाव घेऊन त्येंचं चालवणं सुटलं तर बरं की गं. त्येंला भ्या वाटतंय, हे मी कशाला बोलू?”

म्हणजे इतके दिवस आई दादाच्या बाजूनं होती, आणि अप्पांना न दुखवता होती. आणि मी शहाणी, अप्पांच्या बाजूनं, त्यांना परत त्या घाटात पाठवायची तयारी करत होते. दादाला सांगावं का याचा मी रात्रभर विचार केला नाही, कारण उत्तर लगेच आलं. सांगितलं तर तो बरोबर ठरेल. तो बरोबर असला तरी मला तो बरोबर ठरायला नको होता. हे फार उदात्त नाही, पण तसंच होतं.

मिस्त्रीला गाठून मीटरची वायर देवापासून सोडवून चावीच्या लायनीवर घ्यायला लावली. तो जरा नाराज झाला. “देवाचं काय कमी होत हुतं ताई?” म्हणाला. मग म्हणाला, “तरीच. अप्पांचे ब्रेक लायनर लई लवकर झिजत्यात. मला वाटलं माल डुप्लिकेट येतोय.”

लग्नाच्या दिवशी दादा सकाळी दारात हजर. आपली गाडी लावून त्यानं आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बुटानं हलकंसं डिवचलं आणि म्हणाला, “मी मागे राहतो. अडली तर दोरी आहे माझ्याकडे.” अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. फेटा सरळ केला आणि बसले. मी शेजारी, आई मागे लग्नाच्या आहेराचं गाठोडं मांडीवर घेऊन.

तेलगाव गेलं. घाटाचा पायथा आला. मीटर हिरवं होतं, आता ते स्वतःच्या लायनीवर होतं. आणि त्याच्या शेजारी महादेवही लाल होता.

डावा पाय काढा, असं मी कोण म्हणणार? शेवटी मी म्हणाले, “अप्पा, चढायचंय आता. देवाला जरा झोपू द्या की.”

त्यांनी समोरून नजर हलवली नाही. मला वाटलं ऐकलंच नाही. मग महादेव विझला.

गाडी मोकळी सुटली ते मला पाठीला जाणवलं. पहिलं वळण, दुसरं वळण, ज्या वळणावर तिनं मान टाकली होती ते. अप्पांनी गिअर खाली घेतला, मीटर जरा पिवळ्याकडे सरकलं, पुन्हा हिरव्यावर आलं. एकदाही खोकली नाही. वर पोचल्यावर अप्पांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, आणि दादा पोचेपर्यंत बॉनेटला टेकून उभे राहिले. दादाला मध्ये दोन ट्रक लागले होते.

“मोठ्या गाड्यांला घाट जड जातोय,” अप्पा त्याला म्हणाले.

दादा हसला. मग त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, “चालवा अप्पा. मी काही म्हणणार नाही आता.” तो मनापासून म्हणाला हे मला मान्य करावं लागतं.

लग्नात अप्पांनी जेवायच्या पंगतीत, मांडवात, हात धुवायच्या टाकीपाशी, जो भेटेल त्याला घाट सांगितला. नवरीच्या बापापेक्षा त्यांच्याभोवती गर्दी जास्त होती. परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. धारूर मागे पडलं, उतार सुरू व्हायच्या आधी चहाची टपरी लागते, तिथं अप्पांनी गाडी थांबवली. चहा कुणालाच नको होता. ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि दार उघडलं.

“उतार तू घे,” म्हणाले.

मागं दादाची गाडी थांबली. त्यानं काच खाली करून विचारलं, काय झालं.

“काय न्हाई. हिला घाट शिकवायचाय,” अप्पा ओरडून म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “चढायचं भ्या न्हाई गं मला. चढताना गाडी आपल्या हातात असती. उतरताना ती ऐकंल का न्हाई, असं वाटतंय आता.”

साठी कधीच ओलांडलेल्या माणसानं रस्त्याच्या कडेला उभं राहून हे सांगितलं. मी स्टेअरिंगकडे सरकले. मागं आईनं गाठोडं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

उतार लागला. पहिल्या वळणावर मी ब्रेक दाबला, महादेव लागला. सरळ रस्त्यावर विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला. खालून ऊस भरलेला ट्रॅक्टर गाणी लावून वर येत होता, मी जरा जास्तच जोरात दाबला. बाजूला पाहिलं तर अप्पांचा डावा पायही पायपुसणीवर दाबलेला होता, जिथं ब्रेक नाही तिथं. पाय तसाच ठेवून, नजर समोर ठेवून ते मला म्हणाले, “अगं, किती येळा उठवतीस त्येला? झोपू दी की जरा.”